दोन हजारांच्या आत

टॅक्सीवाला रागाने बोलला नव्हता. पुलाच्या चढावर गाडी थांबून दहा मिनिटं झाली होती. त्याने हँडब्रेक ओढला, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि दोन घोटांच्या मध्ये म्हणाला, "हा पूल एवढासा करायचं ज्याच्या डोक्यात आलं ना काका, त्याला रोज चार वाजता इथं आणून उभं करायला पाहिजे. जास्त काही नको. नुसतं उभं करायचं." मी "हं" म्हणालो. शेजारी बायको खिडकीतून बाहेर बघत होती, तिने मानही वळवली नाही. मी मात्र सीटवर अंग चोरून बसलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. त्या बिचाऱ्याला काय माहीत, की ज्याला उभं करायला पाहिजे तो त्याच्याच गाडीत मागच्या सीटवर बसला आहे आणि गेले चार महिने मनातल्या मनात इथेच उभा आहे.

मोजणं हा माझा रोग आहे. छत्तीस वर्षं नगररचना खात्याच्या आकडेवारी विभागात काढली, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी जिना चढताना पायऱ्या मोजतो आणि सलूनमध्ये कात्रीचे आवाज मोजतो. आताही पुढच्या काचेतून दिसणाऱ्या गाड्या मोजून झाल्या होत्या. एकवीस. त्यांतल्या चार मालवाहू, एक शाळेची बस, एक सिमेंट कालवत चाललेला अजस्र ट्रक, ज्याचं पोट गाडी थांबली तरी फिरत राहतं. दुचाक्या मोजण्यात अर्थ नव्हता, त्या फटीफटीतून सरकत होत्या आणि जाता जाता आरशांना आरसे घासत होत्या. टॅक्सीवाल्याच्या फोनवरचा नकाशा पलीकडे पोहोचायला चौदा मिनिटं दाखवत होता. निघालो तेव्हाही चौदाच दाखवत होता. "याचं घड्याळ आमच्या सासऱ्यांसारखं आहे," टॅक्सीवाला म्हणाला, "आलोच म्हणतात आणि बसूनच राहतात." मी हसलो. बायको हसली नाही. पुलाखाली जिथे विटांची भट्टी होती तिथे आता अठरा मजल्यांच्या चार इमारती आहेत, प्रत्येक मजल्यावर सहा घरं आणि प्रत्येक घराला दोन गाड्या, आणि त्या सगळ्या गाड्यांना नदीपलीकडेच काहीतरी काम असतं. पुलाला लागणारा रस्ता वर्षातून तीनदा खणतात. आधी पाण्याचे पाईप, मग तारा, मग तारा टाकताना फुटलेले पाईप. एकीकडून डांबर ओतणारा पुढे सरकतो आणि त्याच्या मागोमाग कुदळवाला येतो, दोघांची एकमेकांशी ओळखही नसावी. या सगळ्याला मी जबाबदार नाही, एवढं मला कळतं. पण पूल रुंद असता तर यातलं निम्मं तरी निभावून गेलं असतं, हेही कळतं. माणसाला जेवढं कमी कळेल तेवढी झोप चांगली लागते.

चार महिन्यांपूर्वी आम्ही याच चढावर अडकलो होतो, थोडे पुढे, तिसऱ्या दिव्याच्या खांबापाशी. बायकोची थोरली बहीण नदीपलीकडे राहायची. सगळे तिला आक्का म्हणत, मीही. आमच्या लग्नानंतर कितीतरी वर्षं त्या दोघी रोज भेटत. बायको दुपारी सायकल काढायची, नऊ मिनिटांत पलीकडे, तासभर गप्पा, नऊ मिनिटांत परत, आणि पोरगी शाळेतून यायच्या आत घरात. पुढे नऊची वीस मिनिटं झाली. सायकलवर बसून पुलावर जाणं म्हणजे जिवाशी खेळ झाला, मग रिक्षा, मग रोजचं आठवड्यावर आलं, आठवड्याचं महिन्यावर, आणि शेवटी दोन बहिणी एकाच गावात राहून एकमेकींना फोनवर विचारू लागल्या, आज तिकडे पाऊस आहे का म्हणून. त्या दिवशी पाच वीसला भावजींचा, म्हणजे आक्काच्या नवऱ्याचा फोन आला. तिचं दुखणं जुनंच होतं, पण भावजींचा आवाज नवा होता. "लगेच या. ती सारखी विचारतेय," एवढंच म्हणाले. आम्ही लगेच निघालो आणि पुलावर एक तास चाळीस मिनिटं उभे राहिलो. शेवटी बायको दार उघडून उतरली. तिचे गुडघे धड नाहीत. ती गाड्यांच्या मधून चालायला लागली, माझं कोपर धरून, प्रत्येक दुचाकीवाल्याला "जरा सरका हो, जरा जाऊ द्या," म्हणत. पुलाला पादचाऱ्यांसाठी पट्टी नाही. दोन गाड्या जेमतेम मावतात तिथे माणसासाठी जागा कुठून काढणार? पलीकडे उतरून रिक्षा मिळवली आणि पोहोचलो तेव्हा आक्का गेलेली होती. अकरा मिनिटं झाली होती. मीच भावजींना वेळ विचारली आणि मीच वजाबाकी केली. नको तिथे सुद्धा मला वजाबाकी करता येते.

त्या दिवसापासून बायको पुलावर आली नव्हती. पुलाबद्दल एक अक्षर बोलली नव्हती आणि रडलीही नव्हती. घरात वावरताना मधेच थांबायची, हातातलं फडकं तसंच, आणि ओठ हलायचे, कसला तरी हिशेब घालत असल्यासारखे. मी खोलीत आलो की थांबायची. मला वाटायचं, हिला कळलंय. कधीतरी मान वर करेल आणि विचारेल, तुम्हीच ना ते? काल भावजींचा फोन आला, आक्काचं कपाट रिकामं करायचंय, तुला काय हवं ते येऊन बघ. ती तयार झाली. आणि सकाळी दाढी करताना मी आरशातल्या माणसाला सांगून ठेवलं होतं की आज पूल ओलांडायच्या आत तिला सांगायचं. आक्काच्या कपाटासमोर तिच्या शेजारी उभा राहणार तो खरा माणूस पाहिजे. आता पूल संपायला दोन गाड्यांची लांबी सोडली तर सगळा पूल बाकी होता, आणि वेळेला तर तोटाच नव्हता.

सांगायचं म्हणजे काय, तर सदतीस वर्षांपूर्वीचे सात दिवस. तेव्हा इथे पूल नव्हता, खाली फरशी होती, नदीला जरा पाणी आलं की बुडणारी. नवा पूल बांधायचं ठरलं होतं, पण दुपदरी की चौपदरी, यावर वरच्या मजल्यावर घोळ चालला होता. मोठ्या साहेबांनी निकाल दिला, भांडताय कशाला, मोजा. सात दिवस, सकाळी सात ते संध्याकाळी सात, दोन्ही दिशांच्या गाड्या. रोजची सरासरी दोन हजारांच्या वर गेली तर चौपदरी, आत राहिली तर दुपदरी. जाणाऱ्या गाड्या मोजायला मला बसवलं, वर्षभरापूर्वी लागलेला धाकटा कारकून म्हणून, आणि येणाऱ्या गाड्या मोजायला सात दिवसांच्या बोलीवर एक मुलगी घेतली. ती मुलगी म्हणजे ही. परीक्षा देऊन बसली होती, पलीकडे आक्काकडे राहत होती, आणि ऑफिसात कुणाच्या तरी ओळखीने आक्कानेच तिला चिकटवून दिलं होतं. आम्हाला एकेक स्टूल, एकेक पुठ्ठा, छापील कागद आणि पेन्सिल मिळाली. चार गाड्यांच्या चार उभ्या रेघा, पाचवीची आडवी, म्हणजे पाचाचा एक भारा. दर तासाला भारे मोजून खाली आकडा लिहायचा. सायकलींना वेगळा रकाना होता, पण बेरजेत त्यांना धरत नसत. साहेबांच्या मते सायकल ही गाडी नव्हती. सगळं गाव सायकलवर होतं, आणि कागदावर गाव रिकामं होतं.

ती रस्त्याच्या त्या बाजूला बसायची, मी या बाजूला. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की इथून तिथे बोलता येतं. ओरडावं लागत नव्हतं, नेहमीच्या आवाजात. आज शेजारच्या सीटवरच्या माणसाशी बोलायचं तर काचा वर कराव्या लागतात, आणि तेव्हा अख्खा रस्ता मध्ये होता, तरी तिने पेन्सिलीला टोक काढताना हळूच म्हटलेलं "मोडलं गं बाई" मला ऐकू आलं होतं. एखादा ट्रक यायचा तो लांबून कळायचा, वळणापलीकडे त्याचा आवाज सुरू व्हायचा तेव्हा आम्ही वाक्य अर्धं सोडून द्यायचो, ट्रक मधून जायचा, धूळ बसायची, आणि मग ती उरलेलं अर्धं वाक्य पुरं करायची. मधल्या वेळात मी ते अर्धं वाक्य हातात धरून बसायचो. तसं थांबणं पुढे आयुष्यात कधी मिळालं नाही. आता मी सारखा थांबलेलाच असतो, पण ते थांबणं वेगळं. दुपारी एकला आक्का सायकलवरून डबा घेऊन यायची. फरशीवरून तिची घंटी वाजत यायची, आणि ती दिसली की ही आपल्या कागदावर सायकलच्या रकान्यात एक रेघ ओढायची आणि म्हणायची, "आली बघा आमची बिनहिशेबी बाई." आक्का मला खालून वर बघायची, डब्यातलं निम्मं झाकणात काढून द्यायची आणि विचारायची, "काय हो, मोजता तरी का नुसतेच बसता?" तिच्या तोंडाला कुणी लागत नसे.

चौथ्या दिवशी ऊन फिरलं. तिच्या बाजूला सावलीच उरली नाही, माझ्या मागे मोठं झाड होतं. ती स्टूल उचलून इकडे आली आणि माझ्या शेजारी बसली, दोन हात अंतर ठेवून. तिथून पुढचे तीन दिवस मी काय मोजलं ते विचारू नका. पेन्सिल हातात होती, पुठ्ठा मांडीवर होता, समोरून गाड्या जात होत्या आणि मी बोलत होतो. इतकं मी जन्मात कधी बोललो नव्हतो. वडील घड्याळं दुरुस्त करत, त्यांच्या टेबलावर पन्नास घड्याळं पन्नास वेळा दाखवायची आणि लहानपणी मला वाटायचं की त्यांतलं एखादं तरी बरोबर असेल, हे तिला सांगितलं. मला समुद्र बघायचाय हे सांगितलं. मुलाखतीला जाताना मित्राचे बूट घातले होते आणि ते एक नंबर मोठे होते म्हणून आत कागद कोंबला होता, हे मित्र सोडून कुणाला माहीत नव्हतं, ते सांगितलं. ती ऐकायची, रस्त्याकडे बघत. मी तिच्या कानामागच्या केसांकडे बघायचो, तिथे घामाने दोन बटा चिकटलेल्या असत. तास संपत आला की माझी पाचावर धारण बसायची. कागद कोरा. मग डोळे मिटल्यासारखं करून रेघा ओढायचो, भारेच्या भारे, मनाला येईल तेवढे, आणि खाली आकडा ठोकून द्यायचो. संध्याकाळी दोघांचेही कागद तीच घेऊन जायची, कारण ऑफिस तिच्या वाटेवर होतं. सातव्या दिवशी मोठे साहेब स्वतः येऊन शेजारी खुर्ची टाकून बसले, म्हणून तेवढा एक दिवस मी नीट मोजला. पंधरा दिवसांनी निकाल लागला. सरासरी एक हजार आठशे शेहेचाळीस. दोन हजारांच्या आत. पूल दुपदरी झाला.

वर्षाने आमचं लग्न झालं. मग बरीच वर्षं ते तीन दिवस माझं गुपित होतं आणि गोड होतं, हे कबूल करायला हवं. नवा पूल झाला तेव्हा तो एवढा मोकळा असायचा, की संध्याकाळी मी पोरीला सायकलच्या दांडीवर बसवून मधोमध जायचो आणि तिला म्हणायचो, हा पूल तुझ्या आईने आणि मी मोजून आणलाय. कठड्याला टेकून लोक गप्पा मारत उभे असत. खाली पाण्यात म्हशी डुंबत, वर आमच्यासारखे रिकामटेकडे. मला मनातून हसू यायचं, की सरकारी कागदावर मी तीन दिवस प्रेमात पडल्याची नोंद आहे आणि ती कुणाला वाचता येत नाही. बायको तर ज्याला त्याला सांगायची, "यांचा आकडा कधी चुकत नाही." दुकानदाराला सांगायची, व्याह्यांना सांगायची. मी मूग गिळून बसायचो. मग गाव वाढलं. पूल तुंबायला लागला, आधी सणावारी, मग रोज, आणि ते गुपित नासत गेलं. बघणारा डोळा हलला की गाडी सुटते, आणि सुटलेल्या गाड्या कमीच भरतात, हे साधं गणित. मी कमी लिहिलं. सरासरी दोन हजारांना दीडशेच कमी पडली. दीडशे म्हणजे काय, तीन दिवसांत मी जेवढं बोललो असेन तेवढं. आणि त्या बोलण्याची किंमत शेवटी कुणी दिली, तर झाकणात डबा काढून देणाऱ्या आक्काने. गाव मला काय म्हणेल याची मला फिकीर नव्हती, गावाला मी कोण हेच ठाऊक नाही. पण हिच्या नजरेतून उतरलो तर या वयात मी जाणार कुठे? सदतीस वर्षं मी तिच्या त्या एका वाक्यावर जगत आलो होतो.

टॅक्सीवाल्याने इंजिन बंद केलं. "बघून येतो काय झालंय पुढे. तुम्ही बसा," म्हणाला आणि गाड्यांमधून अंग चोरत निघून गेला. इंजिन थांबल्यावर गाडीत एकदम बाहेरचे आवाज शिरले. कुणाचा तरी हॉर्न अडकून एकसुरी वाजत होता. ऊन तिच्या बाजूच्या काचेतून येऊन तिच्या मांडीवरच्या हातांवर पडलं होतं. बोटांची टोकं एकमेकांना लावून ती बसली होती.

"अगं, ऐक जरा," मी म्हणालो.

"ऐकतेय."

"त्या मोजणीत मी आकडे खोटे भरले होते. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या दिवसाचे. रस्त्याकडे माझं लक्षच नव्हतं. तुला कधी सांगितलं नाही. आक्काच्या दिवशी सांगणार होतो, जमलं नाही." मी सगळं एका दमात बोलून टाकलं आणि समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिलो. तिथे एक शिवण उसवली होती.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"खोटे होते ते. शेजारीच बसले होते ना मी. गाडी नाकासमोरून गेली तरी तुमची पेन्सिल हलायची नाही. तास भरत आला की भराभर रेघा ओढायचात, शाळेत मुलं शिक्षा म्हणून ओळी लिहितात तशा."

"आणि तू ते तसेच नेऊन दिलेस?"

"नाही. तुमच्याही गाड्या मी मोजत होते. माझ्या कागदाच्या पुढच्या बाजूला माझ्या, मागच्या बाजूला तुमच्या. घरी जाऊन आक्काच्या स्वयंपाकघरात बसायचे, तुमचा कागद खोडरबराने साफ करायचे आणि खरं लिहायचे. मग दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ऑफिसात टाकायचे. आक्का हसायची. म्हणायची, ज्याच्या बेरजा तुला कराव्या लागतात त्याच्याशी लग्न करू नकोस हो, जन्मभर तेच करत बसशील."

मला आधी काही कळेचना. मग कळलं आणि अंगावरून कुणी तरी ओलं पांघरूण ओढून काढावं तसं हलकं वाटलं. आकडे खरे होते. पूल खऱ्या आकड्यांवर उभा होता. तेव्हा गाड्याच तेवढ्या होत्या, एवढंच गाव होतं, एवढाच त्याचा गोंगाट होता, दोन माणसांच्या बोलण्याला मध्ये न येणारा. माझा कुणाशी काही संबंध नव्हता. त्या हलकेपणाच्या मागोमाग एक बारीक काटाही टोचला, खोटं कशाला बोलू. मी बूट, घड्याळं आणि समुद्र सांगत होतो तेव्हा ही बाई दोन्ही दिशांच्या गाड्या मोजत होती. तिचं रस्त्याकडे बघणं मी लाजणं समजत होतो, आणि तेवढ्या एका लाजण्यावर मी कितीतरी संध्याकाळी या कठड्यापाशी घालवल्या होत्या. पण तोही काटा गोडच लागला. कुणी तरी आपल्या चुका पुसून, आपलं नाव राखून, सदतीस वर्षं त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, यापेक्षा माणसाला काय पाहिजे? मी हसलो. मोठ्याने हसलो, बऱ्याच दिवसांनी. "म्हणजे उगीच मी चार महिने जीव टांगून बसलो," म्हणालो. "मला वाटत होतं माझ्यामुळे झालं सगळं. मी कमी लिहिलं म्हणून."

ती हसली नाही. "कमी नव्हतं लिहिलं तुम्ही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"जास्त लिहिलं होतं. घाबरून. कमी पडलं तर साहेब ओरडतील म्हणून भरमसाट ओढायचात. दुपारी तीनच्या तासाला तर कुत्रं फिरकायचं नाही रस्त्यावर, आणि तुम्ही एकशे चाळीस. मला आठवतंय, खोडता खोडता कागद फाटायला आला होता." तिच्या बोटांची टोकं सुटी झाली आणि परत जुळली. "तीन दिवसांत मिळून साडेबाराशे गाड्या जास्तीच्या. आक्का गेल्यावर मी बेरीज केली. परत परत केली. तुमचं होतं तसं ठेवलं असतं तर सरासरी दोन हजार चोवीस आली असती."

बाहेर तो अडकलेला हॉर्न वाजतच होता. मी मनातल्या मनात भागाकार केला. सवयच ती. साडेबाराशे भागिले सात. एकशे अठ्ठ्याहत्तर आणि थोडे. अठराशे शेहेचाळीस अधिक एकशे अठ्ठ्याहत्तर. तिची बेरीज बरोबर होती.

"चौपदरी झाला असता," ती म्हणाली. "त्या दिवशी आपण वेळेत पोहोचलो असतो. एवढं खरं करून ठेवायची काय गरज होती मला? कोण विचारणार होतं? तुमचं खोटं माझ्याच्याने राहू देववलं नाही. आणि तेही तिच्याच स्वयंपाकघरात बसून केलं मी, ती समोर होती."

फडकं हातात धरून ओठ हलवत उभी राहणारी बायको मला दिसली. चार महिने मी ते ओठ बघत होतो आणि स्वतःपुरता अर्थ लावत होतो. मला वाटत होतं ती माझा हिशेब करतेय. ती तिचा करत होती. एकाच घरात, एकाच बिछान्यावर, दोन माणसं एकाच पुलाखाली आपापली दबून पडली होती, आणि त्यांतला एक जण आता चांगला मोठ्याने हसून मोकळा झाला होता. मला त्या हसण्याची इतकी लाज वाटली की काय सांगू. तिला म्हणावंसं वाटलं, की खरं लिहिलंस तर तुझं काय चुकलं, गावाने उद्या किती फुगावं हे कागदावर नव्हतंच, पुलावर नसत्या तर दुसरीकडे कुठेतरी गाड्या तुंबल्या असत्या. हे सगळं बरोबर होतं. आणि बरोबर असलेलं तिला चार महिने पुरलं नव्हतं. तिच्या आकड्यांना उत्तर द्यायचं तर आकड्यानेच द्यायला हवं होतं.

"तुझी काहीतरी गफलत होतेय," मी म्हणालो. "मी कमीच लिहिले होते. मला पक्कं आठवतंय."

तिने मान वळवली. गाडीत बसल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तीनच्या तासाला किती?"

"साठ."

"एकशे चाळीस."

"साठ गं. वर बारा भारे होते, खाली साठ लिहिलं होतं. तू ते खोडून वाढवून लिहिलेस. तुझ्यामुळे वाढले ते, कमी नाही झाले. तू नसतीस तर हा पूल यापेक्षाही अरुंद झाला असता." संसारात तिला मी कधी खोटं पाडलं नव्हतं. आवाज शक्य तेवढा ऑफिसातला ठेवला. कान मात्र तापले होते, ते मला जाणवत होतं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, एकेक रेघ तपासावी तशी. मग म्हणाली, "दोन पदरांहून अरुंद पूल कसा असतो हो?"

मी परत त्या उसवलेल्या शिवणीकडे बघायला लागलो.

"खोटे आकडे तुम्हाला अजून लिहिता येत नाहीत," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मधेच तुटला. तिने कपाळ माझ्या खांद्याला टेकवलं आणि रडायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मोठा, लहान मुलाचा असतो तसा. "आक्का," म्हणाली, "आक्का गं." मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो. थोपटलं की नाही आठवत नाही. काही मोजलं नाही एवढं आठवतं.

टॅक्सीवाला परत आला, घाईघाईने दार उघडून बसला. "तो सिमेंटवाला बंद पडला होता, ढकलला बाजूला. सुटलं काका," म्हणाला आणि चावी फिरवता फिरवता त्याने आरशात बघितलं. पुढच्या गाड्यांचे लाल दिवे एकेक करून विझले आणि आमच्यापुढे रिकामा रस्ता पडला. मागून हॉर्न सुरू झाले. तो अजून आरशातच बघत होता.

"सावकाश घे," मी त्याला म्हणालो. "घाई नाही आम्हाला."